तुझ्या सवतीच्या विक्रीसंबंधी

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (हा साष्टांग या खेपेस नुसता कागदावरचा समजू नकोस. गेल्या दोन-अडीच महिन्यांत मी तो भर रस्त्यात, आठही अंगं डांबराला टेकवून, कितीदा तरी घातला आहे. त्यातला एखादा तुझ्या नावे धरलास तरी चालेल.) तुझी कंबर कशी आहे? जिन्याची चढ-उतर कमी कर असं सांगितलं की तू मुद्दाम दोन फेऱ्या जास्त मारतेस, म्हणून सांगत नाही. भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? परवा फोनवर तू म्हणालीस की त्यांचं हल्ली बरं चाललंय, संध्याकाळी आपणहून बागेत फिरायला जातात, येताना शीळ घालत जिना चढतात, नव्या गोळ्यांचा चांगला गुण आलाय. ऐकून फार बरं वाटलं. गोळ्या चांगल्याच असणार. मात्र बागेत जाऊन-येऊन त्यांचा उजव्या पायाचाच बूट एवढा का झिजतो, या तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे आत्ता तरी उत्तर नाही. मी पडलो शिंपी. माझी हद्द घोट्यापाशी संपते, त्याखालचं मोच्याला विचारावं.

पत्र लिहायचं कारण हे, की फोनवर तू मला तिसऱ्या वाक्यापलीकडे जाऊच देत नाहीस. मी "त्याचं काय झालं" म्हटलं की तू म्हणतेस, हो की नाही तेवढं सांग. मी "हो, म्हणजे तसं बघितलं तर" म्हटलं की फोन आपटतेस. अगं, गाडी विकली का या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाहीमध्ये मावलं असतं तर मी हातातली शिलाई टाकून हे कशाला लिहीत बसलो असतो? पत्र मध्येच आपटता येत नाही. फाडता येतं म्हणा, पण तू पडलीस चिकित्सक, शेवट वाचल्याशिवाय फाडणार नाहीस. तेवढं मात्र खरंच कर. शेवटपर्यंत वाच.

आता मूळ गोष्ट. डॉक्टरांनी भाऊजींचा डावा गुडघा उघडला, आतलं काय ते साफसूफ करून बंद केला, आणि सांगितलं की हा पाय यापुढे भार घेईल, पण पुरता वाकणार नाही. मोटारसायकलचा गिअर डाव्या पायाचा. म्हणजे संपलंच. तू त्याच संध्याकाळी फर्मान काढलंस की गाडी बटणाच्या दुकानात नेऊन ठेवायची आणि बटणाने ती विकायची. (आपल्या घराण्यात मला अजून बटण म्हणतात. वयाची पन्नाशी आली, डोक्यावर केस शोधावे लागतात, तरी बटण ते बटणच.) मी तुला दोष देत नाही. लग्न झाल्यापासून तू तिला सवत म्हणत आलीस ते काही उगीच नाही. इतकी वर्षं ते तिच्यावर बसून गेले की तू खिडकीशी उभी. दोन गल्ल्या पलीकडून तिचा आवाज ओळखायचीस, मगच चहाचं आधण ठेवायचीस, आणि ते वर आले की खिडकीशी उभीच नव्हतीस असं दाखवायचीस. मला सगळं माहीत आहे. पण ताई, भाऊजींनी चावी माझ्या हातात ठेवली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हिला थंडीत चोक लागतो." त्यानंतर कितीतरी दिवस ते जेवणाच्या टेबलाशी बसून मिठाची बाटली इकडची तिकडे करायचे, हे तूच मला रडत रडत सांगितलंस. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं. तेव्हा बोललो नाही, आता बोलतो. आणि तुझं म्हणणं तर पक्कं : या महिनाअखेरपर्यंत विक, नाहीतर मी भंगारवाल्याला बोलावते.

तर विक्री. पहिलं गिऱ्हाईक आलं ते बेकरीवाला. उंच, रुंद, हसरा माणूस. गाडी बघून त्याचे डोळे चमकले आणि तो म्हणाला, जरा बाहेर काढून दाखवा. आता गाडी होती दुकानामागच्या बोळात, इस्त्रीचं टेबल आणि कापडाच्या ताग्यांची मांडणी यांच्या मधोमध. तू सांगितल्याप्रमाणे मी दर आठवड्याला तिचं इंजिन चालू करत होतो, पण ते ती स्टँडवर उभी असताना. तेव्हा ती किती शहाणी वाटायची! स्टँड काढला मात्र, ती हळूच माझ्याकडे झुकली. मी म्हटलं, झुकू दे. मग आणखी झुकली. जड वस्तूची एक वाईट खोड असते, ती धाडकन पडत नाही. सावकाश पडते. म्हणजे काय होणार ते आपल्याला नीट कळत असतं आणि करता काहीही येत नसतं. मी पाच फुटांचा, तेही सकाळी मोजलं तर. संध्याकाळपर्यंत मशीनवर वाकून वाकून थोडा कमीच भरतो. माझे पंजे फरशीवर शोधाशोध करत होते, तेवढ्यात आम्ही तिघंही आडवे झालो. तिसरा म्हणजे कोट घातलेला पुतळा, त्याने माझ्या वाटणीचा मार खाल्ला. त्याचा एक हात गेला. बेकरीवाल्याने आधी मला बाहेर काढलं, मग एका दमात गाडी उभी केली, माझ्या पाठीवर थोपटलं आणि निघून गेला. मालकालाच पेलत नाही ती गाडी आपण कशाला घ्या, असं त्याला वाटलं असावं. अहो, मी मालक नव्हेच, हे मी सांगेपर्यंत तो रस्त्यापलीकडे पोचला होता.

तेव्हा मी ठरवलं, चालवायची नसली तरी निदान गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरती ही बया आपल्याला पेलता आली पाहिजे. आणि इथून माझ्या डोक्यात जो गुंता झाला तो अजून सुटलेला नाही. माझा प्रश्न काय होता? अगदी साधा. माझ्या उंचीच्या माणसाला एवढी धिप्पाड गाडी सुखरूप हाकता येते का? गॅरेजवाला म्हणाला, उंचीचा प्रश्नच नाही, प्रश्न वजनाचा. त्याने मला गाडीशेजारी उभं केलं, तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हात पुसत आत निघून गेला. गाडी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, वजनाचा प्रश्नच नाही, चाकं फिरायला लागली की वजन कुठच्या कुठे जातं. प्रश्न नजरेचा. भाऊजींच्या त्या हाडांच्या डॉक्टरांना (ते माझ्याकडेच पँट शिवतात) मी माप घेता घेता विचारलं, तर ते म्हणाले, नजर वगैरे सोडा, दोन्ही पाय सपाट टेकत नसतील तर बसूच नका, मला काम कमी नाही. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने सांगितलं की त्याने माझ्याहून लहानखुरा माणूस याहून मोठ्या गाडीवर डोळ्यांनी बघितलाय. मी आशेने विचारलं, मग त्याचं पुढे काय झालं? तर म्हणे, माहीत नाही, तो वळणावरून दिसेनासा झाला. आता यातून मी काय अर्थ काढावा? मी प्रत्येकाचं ऐकून मान हलवत होतो आणि घरी येताना आधीपेक्षा कमी समजलेलं असायचं.

त्यातल्या त्यात बाईंचा धीर वाटला, कारण त्या माझ्याहून चार बोटं बुटक्या आणि त्यांची स्वतःची गाडी भाऊजींच्या गाडीहून थोराड. लायसन्सही त्यांनीच काढायला लावलं. (फोटोतही मी गोंधळलेलाच आलो आहे.) त्यांचं म्हणणं, दोन्ही पाय टेकवायचा हट्टच चुकीचा. एकच टेकवायचा, पण पुरता, आणि त्यासाठी अर्धं बूड सीटवरून खाली सरकवायचं. मी सरकवलं. ते पुरतंच सरकलं. दुसरा नियम, आपण जिकडे बघतो तिकडे गाडी जाते, म्हणून जिकडे जायचं तिकडेच बघा. मी कुंपणाकडे बघायचं नाही, कुंपणाकडे बघायचं नाही असं मनात घोकत होतो, आणि नीट घोकलं जातंय की नाही हे बघायला एकदा कुंपणाकडे बघितलं. तिसरा नियम, मागे बसणाऱ्याने पोत्यासारखं गप्प बसावं, पाय खाली सोडू नये, सोडला तर दोघंही जातात. हा नियम त्या फार गंभीरपणे सांगतात. मला तेव्हा तो बिनकामाचा वाटला, कारण माझ्यामागे बसायला कोण येणार होतं?

शेवटी म्हटलं, बटणा, तू शिंपी आहेस ना? माणूस लांब करता येत नसेल तर कपडा आखूड करावा, आयुष्यभर दुसरं काय केलंस? सीटचा कुशनवाला गाठला. स्वतःच्या पायाचं आतलं माप घेतलं, जांघेपासून टाचेपर्यंत, कागदावर लिहून त्याच्या हातात दिलं आणि बजावलं, एक सूतही इकडेतिकडे नको. त्याने सीट पुढच्या बाजूने कोरून कोरून अगदी मापाला आणली. मी ऐटीत बसलो. दोन्ही टाचा हवेत! मी त्याला नाही नाही ते बोललो. तो बिचारा टेप घेऊन आला, गाडी मोजली, मग मला मोजलं, मग पुन्हा गाडी मोजली. गाडी बरोबर भरत होती, मीच कमी भरत होतो. घरी येऊन हात-पाय धुताना माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं, उभा जन्म पँटची मापं लिहिण्यात गेला, हात आपोआप खालच्या पट्टीत दुमडायची जादा माया धरूनच आकडा लिहितो! पँटला दीड इंच माया सोडली तर ती मागाहून उलगडता येते. पाय कुठून उलगडू?

सीट आणखी कोरावी तर खाली पत्रा लागला. मग मोच्याकडून बुटांना जाडजूड तळ मारून घेतले. टाचा टेकल्या, ताई! मी बोळातल्या बोळात आनंदाने हॉर्न वाजवला. पण बुटाचं नाक आता गिअरच्या दांडीखाली शिरेना. म्हणजे बूट घातले तर थांबता येतं पण निघता येत नाही, आणि बूट काढले तर निघता येतं पण थांबता येत नाही. या दोन्हींमध्ये धोक्याचं कुठलं, हे मी गॅरेजवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला घरी बसा. शिवाय बुटांमुळे मी उंच झालो आणि माझ्या सगळ्या पँटी घोट्यावर चढल्या. एक जुनं गिऱ्हाईक माझ्या घोट्यांकडे बघत बघत आपलं कापड परत घेऊन गेलं. तेव्हा ते तळ उपटून टाकले.

त्यानंतर मी फुटपाथला शरण गेलो. डाव्या हाताला उंच कठडा असला की माझा पाय टेकतो. शहरातल्या सगळ्या कठड्यांची उंची मला आता पाठ झाली आहे. बँकेसमोर पुरा पाय टेकतो, पोस्टासमोर बोटं टेकतात, दवाखान्यासमोर चाकाच्या खुर्च्यांसाठी उतार केलाय, तिथे देवाचं नाव घ्यायचं. दुकानाला पायरी आहे म्हणून निघणं-पोचणं तरी सुखाचं. पण मधल्या मधे असं होऊन बसलं की मला जिथे जायचं असतं तिथे मी जात नाही, जिथे थांबता येतं तिथे जातो. त्या दिवसांत माझी पोस्टात फार ये-जा असायची. एका वकिलांचा सूट पोचवायचा होता, आणि त्यांच्या दारात कठडा नाही. मी तीन वेळा त्यांच्या दारावरून गेलो. पहिल्या फेरीला नुसता नमस्कार केला, दुसरीला ते शेजारून धावले तेव्हा कोट दिला, तिसरीला पँट. चौकातल्या वाहतूक पोलिसाने हात दाखवला तेव्हाही तेच. मी खुणेनेच सांगितलं की वळसा घालून येतो. परत आलो तेव्हा त्याने पुन्हा हात दाखवला, मी पुन्हा तेच सांगितलं. पुढच्या फेरीला त्याने सलाम ठोकला, आणि त्याच्या पुढच्या फेरीला तो जागेवर नव्हता.

तू म्हणशील, अरे मूर्खा, दाखवण्यापुरती पेलायची होती ना, मग शहरभर कशाला हिंडत होतास? बरोबर आहे. मलाही हा प्रश्न पडायचा, पण तो गाडी थांबल्यावर पडायचा, आणि गाडी थांबायची कुठे? चालू असताना मात्र ताई, काही विचारू नकोस. आयुष्यभर मी लोकांच्या खांद्याखालून जग बघितलं. त्या गाडीवर बसलं की लोकांच्या टोप्या वरून दिसतात. मी ओरडलो होतो एकदा, मोकळ्या रस्त्यावर, उगीचच. मग लाज वाटून खोकल्यासारखं केलं.

आणि मग तो बागेच्या कोपऱ्यावरचा प्रसंग घडला. दिवा लाल झाला. पुढे ट्रक, डाव्या हाताला बस, कठडा कुठेच नाही. थांबणं भाग होतं, थांबलो. गाडी उजवीकडे झुकायला लागली. तीच ती ओळखीची चाल, सावकाश, सगळं कळतंय आणि इलाज नाही. या खेपेस खाली पुतळाही नव्हता. मी डोळे मिटले, तुझी आठवण काढली (खरंच काढली), आणि वाट बघत राहिलो. पण गाडी पडली नाही! अर्धवट झुकली, थबकली आणि आपोआप सरळ झाली. का, ते मी इथे सांगत नाही. सांगितलं तर तुझा विश्वास बसेल, आणि तेच मला आत्ता नको आहे. एवढंच म्हणतो, की त्या दिवसापासून माझी थांबण्याची सोय झाली. आता मी कुठेही थांबतो. पोलिसाला तर मुद्दाम जाऊन थांबून दाखवलं, त्याने डोळे पुसले.

मधे दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलं, हे तुला सांगायला हवं, नाहीतर म्हणशील प्रयत्नच केला नाही. शाळेतला व्यायामशिक्षक. गाडी आवडली, पैसे घेऊनच आला होता. पण सीटवर बसला तो कोरलेल्या खड्ड्यात असा रुतला की गुडघे कानांशी आले. मग उतरून मागे बसून बघितलं, तर ती बाजू उंच आणि ऐसपैस. तो म्हणाला, ही नक्की कुणासाठी केलेली सीट आहे? पुढे बुटका आणि मागे उंच, असं कुणी बसतं का? आणि मागे डावीकडे ही कॅनव्हासची झोळी कशाला शिवलीय? मी म्हटलं, सामानाला. तो झोळीत हात घालून बराच वेळ विचार करत उभा राहिला आणि मग गेला.

तेव्हा ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की गाडी विकली गेलेली नाही, आणि माझ्या शिवणकामामुळे आता ती विकली जाईल असंही वाटत नाही. बुटक्याला जड गाडी पेलते का, याचं उत्तर पेलते, आणि नाही पेलत, आणि ते मलाच समजत नाही तर तुला काय समजावणार? मी इतक्यांना विचारलं, तुझं मत मात्र विचारलं नाही. कारण ते मला आधीच माहीत आहे. तरी आज विचारतोय. भंगारवाल्याला तू हाक मारलीस तर मी अडवणार नाही. गाडी तुमची, वाट बघितलीस ती तू. फक्त हाक मारण्याआधी पत्र पुरतं वाच एवढीच विनंती. घरातल्या मोठ्यांना माझा नमस्कार सांग. लहान कोणी नाही, आणि असतं तरी आशीर्वाद देण्याइतकं मोठं मला कुणी धरत नाही.

तुझा धाकटा,
बटण

ता. क. तुझ्या निळ्या कोटाच्या बाह्या आखूड केल्यात. माया आत ठेवली आहे, कधी वाटलं तर लांब करता येतील.

ता. क. दुसरा. उजव्या बुटाचं उत्तर आठवलं. बागेच्या कोपऱ्यावर गाडी झुकली तेव्हा मागून कुणीतरी ती दोन्ही हातांनी धरली होती. आत बाकावर बसलेल्या माणसाने आवाज ओळखला होता, आणि तो लंगडत लंगडत फाटकातून थेट रस्त्यात आला होता. (आवाज ओळखायची खोड तुमच्या घरात दोघांनाही आहे हे मला तेव्हा कळलं.) मी डोळे उघडून मागे बघितलं तर भाऊजी. तेवढ्यात दिवा हिरवा झाला, सगळे मागून हॉर्न वाजवायला लागले, भाऊजी "चल" म्हणाले आणि चक्क मागे बसले. पुढच्या चौकात त्यांनी उजवा पाय टेकवला. बाईंचा तिसरा नियम आम्ही त्यानंतर रोज संध्याकाळी मोडतो. ते माझ्या खांद्यावर एकदा थोपटतात, मी ब्रेक लावतो, ते पाय सोडतात. डावा पाय वाकत नाही, म्हणून तो सरळ ठेवायला मी ती झोळी शिवली. मला थांबता येत नाही, त्यांना गिअर टाकता येत नाही, दोघं मिळून एक माणूस होतो आणि तो बऱ्यापैकी चालवतो. जोरात जात नाही, शपथ. पहिल्या दिवशी ते मागे बसून रडत होते, मला वाटलं वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं असेल, पण आम्ही तेव्हा उभे होतो. गोळ्या बंद करू नकोस. गोळ्यांनी काही अपाय होत नसावा.

ता. क. तिसरा. पाकिटावर तिकीट नाही आणि पत्र वॉचमनने वर आणून दिलं, याचं नवल करत बसू नकोस. जरा खिडकीशी ये. आवाज तुझ्या ओळखीचाच आहे, पण आज वाट बघायची नाही, आम्ही खालीच आहोत. तुला विचारल्याशिवाय आता एक दिवसही पुढे जायचं नाही असं भाऊजींनी सकाळी ठरवलं, पण विचारायची हिंमत दोघांपैकी एकातही नव्हती, म्हणून एवढं लांबलचक पत्र. काय ते तू ठरव. ओरडायचं असेल तर मनसोक्त ओरड, तुझा हक्क आहे. फक्त वरून ओरडू नकोस, भाऊजी दचकतील. आधी जिना उतरून खाली ये (कंबर सांभाळून), डाव्या बाजूने गाडी धर आणि मग ओरड. तुझ्या फाटकासमोर पायरी नाही, भाऊजींचा उजवा पाय एकटाच आहे, आणि माझे दोन्ही हवेत आहेत.